टेरीकॉटची वाढीव बाही

आमच्या चर्चमध्ये वेदीवर सेवा करणाऱ्यांना टॅटूची बंदी होती, आणि ती बंदी मीच आणली होती.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सगळी हकिगत ऐकून झाल्यावर लोक हळूच विचारतात, "पण मार्था, हा नियम काढला कुणी?" आणि मग मला उगाच पाणी प्यायला उठावं लागतं.

माझं देवळाली कॅम्पात शिलाईचं दुकान आहे. लष्करातल्या साहेबांच्या बायकांचे ब्लाउज, जवानांच्या पँटी आखूड करणं, आणि आमच्या चर्चमधल्या वेदीसेवकांचे झगे ही माझी कामं. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी फादरांच्या आजूबाजूला पांढऱ्या झग्यात जी पोरं उभी असतात, ती वेदीसेवक. मेणबत्त्या धरायच्या, घंटी वाजवायची, साखळीला टांगलेलं धुपाटणं झुलवायचं. गेली अठरा वर्षं त्यांचे झगे मी सेवा म्हणून शिवते. (याचा उल्लेख मी कुठेही करत नाही. फक्त चर्चच्या समितीच्या बैठकीत करते, तोही गरजेपुरता. आता गरज दर बैठकीला पडते, त्याला मी काय करू?)

पूर्वी आमच्याकडे वेदीवर फक्त मुलगे असायचे. माझी सेलिना आठ वर्षांची असताना तिनं विचारलं, "मम्मी, मुलींच्या हातून घंटी वाजत नाही का?" तो प्रश्न मी तसाच समितीत नेला. तिथे अंतोन काका बसलेले. अंतोन काका म्हणजे वेदीसेवकांचे प्रमुख, कॅम्पातल्या एका स्टोअरमधून निवृत्त झालेले, पट्टीनं आखल्यासारखी दाढी कोरणारे, आणि पोप काय म्हणतात यापेक्षा आपण काय म्हणतो यावर जास्त विश्वास असणारे.

"मुली? वेदीवर?" ते म्हणाले. "उद्या म्हणशील, फादरच्या खुर्चीत बसवा!"

"नको काका. त्या खुर्चीची गादी मीच शिवलीय. बसण्यालायक नाही ती, मला माहितेय."

तेव्हाच्या फादरांनी शांतपणे सांगितलं की रोमनं मुलींना कधीच परवानगी दिलेली आहे, फक्त इथल्या बिशपांची हरकत नसली म्हणजे झालं. बिशपांची हरकत नव्हती. अंतोन काकांची होती, आणि ती पुढं बारा वर्षं टिकली! कुठल्याही मुलीच्या हातून मेणबत्ती जरा वाकडी झाली की ते भर मिस्सेत माझ्याकडे बघायचे. मीही बघायचे. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी आम्ही एकमेकांना हात जोडायचो तेव्हा सगळी शांती आजूबाजूच्या लोकांच्या वाट्याला जायची.

तर अशा परिस्थितीत त्यांच्या नातवानं, नोएलनं, मानेवर विंचू काढून आणला.

नोएल बावीस वर्षांचा, सातपूरला एका कारखान्यात लागलेला, लहानपणापासून वेदीसेवक, चांगला मुलगा. पण रविवारी वेदीपुढे वाकला आणि कॉलरच्या वरून नांगी उभारलेला काळाकुट्ट विंचू थेट पहिल्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे बघायला लागला. मी बसल्या जागी उडाले! पवित्र वेदी, समोर क्रूस, आणि मध्ये विंचू? सैतानाचा प्राणी तो! माझा संताप झाला. (आता प्रामाणिकपणे सांगायचं तर संतापाच्या तळाशी थोडा आनंदही होता. बारा वर्षांनी वाकडी मेणबत्ती त्यांच्या घरात सापडली होती.)

समितीच्या बैठकीत मी जुना करार घेऊनच गेले. मोशेच्या नियमांत एक वाक्य आहे, अंगावर खुणा गोंदून घेऊ नका अशा अर्थाचं. ते मी उभी राहून, चष्मा लावून, दोनदा वाचलं.

आमचे आत्ताचे फादर तरुण आहेत, मवाळ आहेत. ते म्हणाले, "मार्थाबाई, ते त्या काळच्या लोकांना, त्यांच्या आजूबाजूच्या मूर्तिपूजेच्या चाली बघून सांगितलेलं होतं. चर्चनं टॅटूला सरसकट..."

"फादर, शास्त्रात आहे की नाही?"

"आहे, पण त्याच पानावर..."

"आहे ना? झालं तर मग!"

फादरांनी कपाळ चोळलं. त्यांना त्या दिवशी आणखी एक लग्न आणि एक दफन होतं. नियम मंजूर झाला. "अंगावर टॅटू असणाऱ्या व्यक्तीस वेदीवर सेवा करता येणार नाही" असं माझ्या वळणदार अक्षरात लिहून मीच तो कागद झगे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवला. चारही कोपऱ्यांना टेप लावली. नोएलनं आपला झगा घडी करून कपाटात ठेवला आणि लोकांमध्ये चौथ्या बाकावर जाऊन बसायला लागला. अंतोन काका एवढंच म्हणाले, "बघू या, टेलरबाई."

आता पुढचं ऐका.

मे महिना होता. आमच्या चर्चचा सण आठ दिवसांवर आला होता आणि सणाच्या मिस्सेला खुद्द बिशप येणार होते. त्यांच्यासमोर धुपाटणं धरण्याचा मान या वर्षी सेलिनाला मिळाला होता. आमच्या चर्चमध्ये धुपाटणं आजवर एकाही मुलीच्या हातात गेलं नव्हतं. त्यातून सेलिनाला पुण्याला नोकरी लागलेली, सण झाला की दोन दिवसांत ती निघणार. म्हणजे पोरीची ही वेदीवरची शेवटची सेवा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं होतं. एका सुभेदाराच्या बायकोला तर धुपाटणं म्हणजे काय इथपासून सांगितलं.

आणि मे महिन्यात, नाशिकच्या उन्हात, माझी पोरगी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कणीक मळत होती!

मी शिंपीण आहे. कुणी कुठे काय लपवतंय ते मला कापडावरून कळतं. मी जाऊन बाही वर सारली. उजव्या मनगटाच्या वर हाताला प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळलेला, आणि त्याच्याखाली काहीतरी काळं-हिरवं.

"अगं, भाजलं का?"

"नाही मम्मी. टॅटू आहे."

मी पोळपाटाचा आधार घेतला. पोळपाटाला मुळात आधार नव्हता, त्यामुळे तो आणि मी दोघं खाली बसलो.

"कुठून केलंस हे?"

"कॉलेज रोडवरून. मम्मी, आधी बघ तरी काय काढलंय ते."

"मला नाही बघायचं!"

"एकदा बघ. मग ओरड."

"डोळ्यांनी बघून मी त्या पापात भागीदार होऊ? खाली कर ती बाही! आठ दिवसांवर सण आलाय! नियम माहीत नाही तुला? तुझ्या आईनं केलाय तो!"

"म्हणूनच माहीत होता," ती म्हणाली. "पण पुण्याला जायच्या आधी मला हे करायचंच होतं. फादरना सांगते मी. नाही धरत धुपाटणं."

आमचे हे सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते. डबा पिशवीत घालता घालता म्हणाले, "अगं, पण तुझ्या हातावर नाहीये का?"

"ते गोंदण आहे!"

"मग हे काय आहे?"

"हा टॅटू आहे! तुम्ही कामावर जा!"

आता बघा, या माणसाला तीस वर्षांच्या संसारात एवढा फरक कळू नये! माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं. मी सात वर्षांची असताना आई मला गावच्या जत्रेत गोंदणारणीकडे घेऊन गेली. आई म्हणायची, सोनं-नाणं सगळं इथंच राहतं, शेवटी बरोबर येतं ते एक गोंदणच. आईनं सांगितलं, "पोरीच्या हातावर क्रूस काढ." त्या बाईनं क्रूस कधी काढलेलाच नव्हता. तिला तुळस यायची. मग दोघींनी चर्चा करून मधला मार्ग काढला: खाली तुळशीवृंदावन, वर तुळस, आणि तुळशीच्या शेंड्यावर क्रूस. क्रुसाची उजवी बाजू काढताना सुई जोरात टोचली आणि मी हात ओढला, म्हणून ती बाजू आखूड आहे आणि जरा खाली झुकलेली आहे. पंचेचाळीस वर्षं ते माझ्या हातावर आहे, आणि ते गोंदण आहे. गोंदण बसून करतात, जत्रेत करतात, आई करवते. टॅटू एसीत करतात! यात न कळण्यासारखं काय आहे?

तरी संध्याकाळी मी फादरांकडे गेले. अगदी सहज गेल्यासारखी.

"फादर, समजा एखाद्या वेदीसेवकाला टॅटू असेल, पण आतून तो पश्चात्ताप करत असेल, तर?"

"सेलिना येऊन गेली दुपारी," फादर म्हणाले.

मी खुर्चीत बसले.

"तिला पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही," ते म्हणाले. "आणि व्हायलाच हवा असंही नाही. मार्थाबाई, चर्चची टॅटूला बंदी नाहीये. काय काढलंय, कशासाठी काढलंय, त्यात देवाचा किंवा माणसाचा अपमान आहे का, हे बघायचं. एवढंच."

"मग बैठकीत का नाही सांगितलं तुम्ही?" मी उसळले. कमाल आहे की नाही? एवढी महत्त्वाची गोष्ट, आणि धर्मगुरूंनी गप्प बसायचं!

"सांगत होतो. तुम्ही बोलत होता." त्यांनी कपाटातून जुना करार काढला आणि तेच पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "तुमच्या त्या वाक्याच्या एक वाक्य आधी काय आहे, वाचा."

मी वाचलं. दाढीच्या कडा कोरू नका, असं होतं.

"फादर!" मला एकदम तरतरी आली. "म्हणजे अंतोन काका..."

"थांबा. आता जरा वर जा. आणखी वर. हं, इथं."

तिथं लिहिलं होतं की दोन प्रकारचं सूत मिसळून विणलेलं कापड अंगात घालू नका.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

"वेदीसेवकांचे झगे कशाचे आहेत, मार्थाबाई?"

"टेरीकॉटचे," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

"टेरीकॉट म्हणजे?"

"अर्धं सूत, अर्धं पॉलिस्टर."

"म्हणजे तुमच्या नियमानं चालायचं," फादर अगदी प्रेमानं म्हणाले, "तर अठरा वर्षं वेदीवर एकही माणूस धड उभा नाही."

टेरीकॉट चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही, दोन धुण्यांत पिवळं पडत नाही, म्हणून मी मुद्दाम निवडलं होतं. मोशेच्या काळात नऊ पोरांचे झगे दर आठवड्याला धुवायला लागले असते तर त्यानंही हेच केलं असतं!

"मग काढून टाकू या का तो कागद?" फादरांनी विचारलं.

इथं मी "हो" म्हणायला हवं होतं. एका अक्षराचा शब्द होता, तोही मला जमला नाही. कारण तो कागद काढायचा म्हणजे अंतोन काकांसमोर काढायचा. नोएलला चौथ्या बाकावर बसवलं, आणि स्वतःच्या पोरीवर आली तेव्हा नियम गुंडाळला, हे ते म्हणणार. आणि (चिडायची खरी गोष्ट हीच) बरोबर म्हणणार! शिवाय त्याच दमात हेही म्हणणार की मुलींना वेदीवर घेतलं की असंच होतं. बारा वर्षांचं भांडण पाण्यात!

"सणानंतर बघू," मी म्हणाले आणि घरी येऊन मशीन उघडलं.

माझा बेत साधा होता. झग्याची बाही मनगटावर संपते. धुपाटणं धरायला हात वर केला की ती मागे सरकते आणि टॅटू दिसतो. बाही सहा इंच वाढवली की प्रश्न मिटला. पण एकट्या सेलिनाची बाही लांब दिसली असती तर अंतोन काकांना संशय आला असता. म्हणून मी नऊच्या नऊ झग्यांच्या बाह्या सहा-सहा इंच वाढवल्या! कोपराखालचा भाग उतरवून तिथं नवा लांब तुकडा जोडला, तोंडाशी घेर दिला, त्याला लेस लावली. सण झाला की काढून टाकायच्या म्हणून पक्की शिलाई न मारता नुसता धावदोरा घातला. चार दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून मी हेच करत होते.

सेलिना दारात उभी राहून बघत होती.

"मम्मी, तू एवढं सगळं करतेयस, त्यापेक्षा एक मिनिट बघून घे ना काय काढलंय ते."

"हात खाली ठेव."

"बरं. पण फादर म्हणाले धर, म्हणून मी धुपाटणं धरतेय. तुझ्या बाहीसाठी नाही."

"बाही घालणार आहेस ना?"

"घालते, बाई!"

सणाचा दिवस उजाडला. चर्च भरलेलं, बाहेर मांडव, झेंडूच्या माळा. मी पहिल्या बाकावर, नव्या साडीत. आमचे हे शेजारी, रजा टाकून आलेले. बाजूच्या खांबाशी अंतोन काका छातीवर स्वयंसेवकाची फीत लावून उभे, दाढी ताजी कोरलेली. मिरवणूक आत आली. पुढं क्रूस, मागं मेणबत्त्या, सगळ्यांत शेवटी बिशप. आणि मध्ये माझे नऊ वेदीसेवक.

एकाचाही हात दिसत नव्हता.

दुकानात टेबलावर सहा इंच हे काही फार वाटत नाहीत. अंगावर ते गुडघ्यापर्यंत येतात. पोरं चालत होती आणि अठरा बाह्या दोन्ही बाजूंना फडफडत होत्या. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "हे नवीन फॅशनचं आहे का गं?" मी मान ताठ ठेवली. मेणबत्ती धरणाऱ्या एका मुलीनं लेसमधूनच मेणबत्ती पकडली होती आणि मेण लेसवर ओघळत होतं. घंटीवर सगळ्यांत धाकटा, सात वर्षांचा जोसेफ होता. त्याला घंटी सापडली, पण हात सापडेना. शेवटी त्यानं बाहीसकट घंटी उचलून हलवली. नेहमीच्या किणकिणीऐवजी डप, डप, डप असा आवाज झाला. अर्ध्या लोकांना गुडघे टेकायचे की नाही हेच कळेना, म्हणून ते अर्धे वाकून थांबले.

अंतोन काका माझ्याकडे बघत होते. मी वर छताकडे पाहिलं.

मग सेलिना धुपाटणं घेऊन बिशपांसमोर गेली. काय सांगू, काय दिसत होती पोरगी! ताठ मान, शांत चेहरा. बाकी सगळं विसरून माझे डोळे भरून आले. तिनं डाव्या हातात साखळी धरली, उजव्या हातानं धुपाटणं उचलून झाकण वर केलं. आत निखारे लाल. बिशपांनी चमच्यानं धूप टाकला. धूर वर आला, आणि त्याच वेळी माझी सहा इंची, लेसवाली, घेरदार बाही हळूच आत उतरली.

आधी कुणाला काही कळलंच नाही. धूर वाढला. "आज धूप जोरात आहे," आमचे हे भक्तिभावानं म्हणाले. मागच्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि दोघींना एकदम ठसका लागला. कारण टेरीकॉट नुसतं जळत नाही, वितळतं! जळक्या प्लास्टिकचा वास चर्चभर पसरला. फादर सगळ्यांत आधी ओरडले, "सेलिना, बाही!"

मी उठले, पण साडी बाकाच्या खिळ्यात अडकलेली. मी जागच्या जागी "अहो! अहो! अहो!" करत राहिले. धावले ते अंतोन काका! सत्तरीच्या माणसानं वेदीच्या दोन पायऱ्या एका ढांगेत चढून निशिगंधाची फुलदाणी उचलली आणि फुलांसकट सगळी सेलिनाच्या हातावर ओतली. मग धुमसणारी बाही दोन्ही हातांनी धरून ओढली. माझा तो धावदोरा! एका हिसक्यात बाही कोपरापासून उसवून त्यांच्या हातात आली. धुपाटणं फुस्स करून विझलं. पोरीला ओरखडासुद्धा आला नाही, देवाची कृपा.

सेलिना वेदीपुढे उभी, केसांत निशिगंध, आणि उजवा हात कोपरापर्यंत उघडा.

अंतोन काकांनी हाताकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांची उधारी त्या नजरेत होती. पण ते काही बोलायच्या आधी बिशप खाली वाकले.

"बाळ, भाजलं नाही ना?"

"नाही, बिशपस्वामी."

"हे काय काढलंयस? ही तुळस आहे ना?"

"हो. आणि वर क्रूस आहे."

"पण क्रुसाची एक बाजू अशी खाली का झुकलीय?"

"ती तशीच आहे," सेलिना म्हणाली. समोर माइक चालू होता, त्यामुळे मांडवातल्या लोकांनीही ऐकलं. "माझ्या मम्मीच्या हातावर जशी आहे, तशीच काढायला सांगितली मी. मी पुण्याला चाललेय. तिचं काहीतरी बरोबर हवं होतं. ती म्हणते, गोंदणच बरोबर येतं."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. मी हात पदराखाली घालायला गेले, पण पदर खिळ्यात अडकलेला. उजव्या हातावर ती माझी पंचेचाळीस वर्षांची तुळस, तो आखूड बाजूचा क्रूस, सगळ्यांच्या समोर. आमचे हे हळूच म्हणाले, "मी सांगत होतो."

मला रडू आलं. आठ दिवस ती पोर "बघ, बघ" म्हणत होती आणि मी तत्त्वासाठी डोळे मिटून बसले होते. माझंच गोंदण लपवायला मी अठरा बाह्या शिवल्या होत्या. लाज वाटली, खरंच वाटली.

बिशप हसले. म्हणाले, "माझ्या आईच्याही हातावर होतं गोंदण. तिच्या गोंदणारणीला क्रूस येत नव्हता आणि तुळसही जमत नव्हती. तिनं विंचू काढून दिला."

विंचू!

चौथ्या बाकावर नोएलनं मान खाली घातली. नम्रपणानं नाही. हसू आवरत होता.

मिस्सा संपल्यावर मी थेट झगे बदलायच्या खोलीकडे गेले. अंतोन काका आधीच दारात उभे होते, हातात ती जळकी बाही घेऊन. मी कागद काढायला लागले. चारही कोपऱ्यांना मीच टेप लावलेली, ती निघता निघेना. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि एक कोपरा उचकटून दिला.

"काका, नोएलला पुढच्या रविवारपासून पाठवा," मी म्हणाले. "आणि... तुम्ही धावलात म्हणून पोरगी वाचली."

"धुपाटणं चांगलं धरलं होतं तिनं," ते म्हणाले. दाढी खाजवली. "आमच्या मुलांपैकी एखादा असता तर टाकून पळाला असता."

बारा वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक. मी ते मनात घडी करून ठेवलं आणि सेलिना पुण्याला निघाली तेव्हा तिच्या बॅगेत डब्यांबरोबर दिलं. गाडी सुटायच्या आधी तिनं हात खिडकीबाहेर काढला, मी माझा तिच्या हाताशेजारी धरला. तिच्या क्रुसाची बाजू माझ्यापेक्षा जास्त झुकलीय, हे माझ्या शिंपिणीच्या नजरेतून सुटलं नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसले. आठ दिवसांनी फोनवर सांगितलं.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले तर त्याच दारावर नवा कागद. अंतोन काकांचं अक्षर, खाली फादरांची सही, चारही कोपऱ्यांना टेप. नियम एका ओळीचा होता. आमच्या चर्चमध्ये वेदीवर आता टॅटूला बंदी नाही. बंदी टेरीकॉटला आहे, आणि नवे नऊ सुती झगे दर शनिवारी इस्त्री कोण करतं, हे आता सांगायला नको.